डावा खांदा

"अप्पा, हे उलटं झालंय."

रविवारची दुपार होती. अहमदपूरच्या बसस्टँडामागच्या पत्र्याच्या दुकानात विशाखा आरशासमोर उभी होती. अंगावर निळी केप, उजव्या खांद्यावर रुपेरी बक्कल.

"बक्कल डाव्या खांद्यावर पाहिजे होतं. त्या मालिकेत जे फितूर होतात, तेच उजवीकडं लावतात."

आनंदराज टेलरांनी गळ्यातला टेप सारखा केला. "फोटोत तर असंच हाय की, माय."

"अख्खी मालिका तोंडपाठ आहे मला. साधा फोटो बघून शिवता येत नाही का तुम्हाला आता?"

चाळीस वर्षं त्यांनी गावातल्या पोरांचे गणवेश शिवले होते. जयंतीचे निळे झेंडे शिवले होते. असं त्यांना कुणी बोललं नव्हतं. त्यांनी मोबाइलमधला फोटो पाहिला, मग लेकीकडं पाहिलं.

"पोळ्याच्या बैलाला झूल घालताना कुणी डावं-उजवं बघत न्हाई," ते हसून म्हणाले. "ठेव. सकाळी उसवून देतो."

सकाळी सहाच्या एसटीनं ती नांदेडला निघाली. दुकानाचं शटर अर्धं उघडं होतं, आत दिवा होता. ती आत डोकावली नाही. लोह्याच्या पुढं फोन आला. अप्पा मशीनवरच कलंडले होते. मांडीवर केप होती, हातात ब्लेड. गळ्याजवळची शिवण चार बोटं उसवून झाली होती.

सांत्वनाला येणारे विचारत, असं अचानक कसं झालं? विशाखा सांगे, "अचानक नाही. शेवटी शेवटी नजर कमी झाली होती. शिवणही चुकायला लागली होती." सांगून सांगून ते खरं झालं. आई तेवढी कोपऱ्यातून म्हणायची, "नजर कुठं गेली व्हती त्येंची? बिनचष्म्याचा दोरा ओवायचे." आईचं कुणी मनावर घेतलं नाही.

पाच महिन्यांनी लातूरला त्या मालिकेच्या चाहत्यांचं पहिलं संमेलन भरलं. नांदेडला विशाखाबरोबर एका खोलीत राहणाऱ्या शिवांगी आणि वर्षाराणी तिला ओढूनच घेऊन निघाल्या. वर्षाराणीनं घरूनच गुलाबी केसांचा टोप चढवला होता. कंडक्टर तिकीट फाडताना थबकला.

"कोणत्या शाळेचं गॅदरिंग हाय?"

"गॅदरिंग न्हाई मामा, वरात हाय," वर्षाराणी म्हणाली. "नवरदेव फुडच्या गाडीत हाय."

सगळी बस हसली. विशाखाही हसली, पण जरा उशिरा.

संमेलन मंगल कार्यालयात होतं. 'वधूपक्ष' लिहिलेल्या खोलीत पुठ्ठ्याच्या तलवारी टेकवून मुली तोंड रंगवत होत्या. विशाखानं पिशवीतली तीच निळी केप काढून अंगावर चढवली. विशाखाला वाटायचं, ही मालिका आपल्यासारखी वेड्यागत पाहणारं मराठवाड्यात दुसरं कुणी नसेल. इथं तशी दोनशे माणसं होती. तिला त्यातल्या कुणाशी बोलावंसं वाटेना. अप्पा असते तर दारातच खुर्ची टाकून बसले असते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या शिवणीला नावं ठेवली असती.

वेशभूषा स्पर्धेच्या टेबलावर चष्म्यातली एक मुलगी फॉर्म भरून घेत होती. तिनं विशाखाचा खांदा पाहिला आणि पेन थांबवलं.

"ताई, बक्कल उजवीकडं? फितूर झालात का काय?"

विशाखाचा हात बक्कलावर गेला.

"तुमच्याकडून चुकलं असंल तर पाच मार्क जातेत. टेलरकडून चुकलं असंल तर तसं लिहिते, मार्क न्हाई जात. लई जणांचं टेलरनंच बिघडवलंय. लिहू?"

"हो," विशाखा म्हणाली. पाच महिन्यांची सवय होती.

मुलीनं लिहिलं. तेवढ्यात शिवांगीनं तिला मागं खेचलं आणि मोबाइल वर धरला. तिघींचे चेहरे पडद्यावर दाटीनं आले.

"अगं, हे बघ," शिवांगी म्हणाली. "सेल्फीत तुझं बक्कल बरोबर डाव्या खांद्यावर आलंय."

"सेल्फीत सगळं उलटंच येतंय," वर्षाराणी म्हणाली. "माझा तर तीळ बी गाल बदलतोय."

विशाखा पडद्याकडं बघत राहिली. मग बाजूला जाऊन तिनं स्वतःचा मोबाइल काढला. पाच महिन्यांत तिनं अप्पांचं व्हॉट्सॲप उघडलं नव्हतं. फोटो तिथंच होता. हैदराबादच्या कुण्या मुलीनं अशीच केप घालून स्वतःचा स्वतः काढलेला. विशाखानं तो इंटरनेटवरून उचलून तसाच पाठवला होता. बक्कल उजव्या खांद्यावर होतं. तिनं फोटो मोठा केला. मुलीच्या मागं दुकानाची पाटी होती. पाटीवरचं प्रत्येक अक्षर उलटं होतं.

फोटोखाली अप्पांनी एका बोटानं टाइप केलं होतं : दिसला. व्हतंय.

ती टेबलाकडं परत आली. पुढच्याचा फॉर्म चालू होता. ती मध्येच वाकली.

"माझ्या फॉर्मवर टेलरची चूक लिहिलंय ना, ते खोड."

"अहो ताई, पाच मार्क जातील."

"जाऊ दे." गळ्याजवळची चार बोटं उसवलेली शिवण विशाखानं मुठीत धरली. "शिवणारे आनंदराज टेलर, अहमदपूर. माझे वडील. त्यांनी फोटोबरहुकूम शिवलं होतं. त्यांची नजर शेवटपर्यंत साफ होती. फोटोच मी उलटा दिला होता."