चार दहाची गाडी

ब्रनोच्या बोहुमीरने चाळीस वर्षं स्टेशनमास्तरकी केली होती. आता तो टेबलावर छोटी रेल्वे चालवायचा आणि घरची दोन मांजरं त्याची एकेक गाडी पंज्याने उलथवायची.

रोज चार वाजून दहा मिनिटांनी मात्र मांजरं निमूट रुळांवरून उठायची. बोगद्यापासून फलाटावरून थेट पुलापर्यंत दोघांच्या माना सावकाश वळायच्या. रूळ रिकामेच असायचे.

"माझ्या स्टेशनातून गाडी न थांबता जाते म्हणजे काय?" एक दिवस बोहुमीर म्हणाला.

"मग थांबव की, मोठा आलाय मास्तर," बायको झ्देना म्हणाली.

त्याने सिग्नल लाल केला.

चार दहाला माना वळल्या आणि फलाटापाशी थांबल्या.

"बघ, थांबवली," तो ऐटीत म्हणाला.

कुणी गाडीतून उतरून ताठ उभं राहत असावं, तशी मांजरांची नजर फलाटावरून वर वर सरकली आणि त्याच्या खांद्यामागे स्थिरावली.