अकरावा दाणा

बियांवर किरण सोडून, तीन वर्षं निवड केल्यावर भुईमुगाच्या एकाच झाडाला दुप्पट मोठे अकरा दाणे आले. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या दमयंतीने ते आईला दाखवायला लालबागच्या चाळीत आणले. ती अंघोळीला गेली तेवढ्यात आईने नवं पीक म्हणून देवापुढे ठेवून माळ्यावरच्या घरोघरी प्रसाद वाटला. “अगो बाय, ह्यां बियाणां म्हणान माका काय म्हायत?” दमयंती ओल्या केसांनी दारोदार धावली. दहा दाणे पोटात गेले होते. अकरावा गिरणीच्या संपामुळे घरी बसलेल्या भिकूतात्यांकडे उरला होता, कारण त्यांच्या तोंडात दात नव्हते. त्यांनी मूठ मिटून विचारलं, “पेरलास तर किती होतील?” “यंदा वीस. पुढच्या वर्षी चारशे.” “मग त्यातला एक माझा.” “तात्या, खाणार कशाने?” दाणा तिच्या तळहातावर ठेवत ते म्हणाले, “तोवर संप मिटेल गो. पगार झाला की दात बसवीन.”