लसणाची बरणी

बरणी उचलण्याआधी विद्याधरने रबरी मोजे चढवले. शारदा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहत होती. आपल्या ओट्यावरच्या वस्तूला कुणी मोजे घालून हात लावावा, हे तिच्या जिव्हारी लागलं.

"यातलं आणखी कुणी खाल्लं?" त्याने विचारलं.

"नाही. ती त्यांच्यासाठीच घातली होती. श्रीकृष्णभावजींसाठी."

श्रीकृष्ण म्हणजे तिच्या नवऱ्याच्या इंजिनावरचा फायरमन. झाशी-माणिकपूर गाडीवर मधुसूदन ड्रायव्हर आणि तो फायरमन, अशी चार वर्षांची जोडी. डबा मधुसूदनचा असला, तरी शारदा भाकरी दोघांपुरत्या बांधायची. आठ दिवसांपूर्वी बरुआसागर स्टेशन सुटल्यावर श्रीकृष्ण म्हणाला, "दादा, मला एकाचे दोन सिग्नल दिसताहेत." संध्याकाळी त्याला पाणी गिळवेना. तिसऱ्या दिवशी श्वास थांबला. अंत्यविधीला त्याला त्याच्या गावी, मऊरानीपूरला नेलं. शारदाची जायची हिंमत झाली नाही.

इस्पितळातल्या डॉक्टरांनी डब्याबद्दल विचारलं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ते साऱ्या रेल्वे कॉलनीत पसरलं. शेजारच्या मिश्राइनने वाटीभर कढी परत पाठवली, "बहनजी, बुरा मत मानना," असा निरोप देऊन. शारदाने चूल बंद केली. मधुसूदन स्टेशनवर जेवू लागला. सहा वर्षांच्या इंदूसाठी लक्ष्मी गेटच्या मावशींकडून डबा येई. पोरगी म्हणायची, "आई, तू भरव ना." शारदा हात पदराखाली घ्यायची.

"हे लोणचं कसं केलंत?" विद्याधर लिहून घेत होता. रेल्वेच्या प्रयोगशाळेतून आलेला हा तरुण हळू बोलायचा.

"लसूण तेलात जरा परतून घेतला. वर तेल भरलं, काठापर्यंत. मीठ या खेपेला हात राखूनच घातलं. लिंबू तर नाहीच."

"का?"

"भावजीच म्हणाले होते. वहिनी, मिठानं जीभ सोलवटते नि लिंबानं दात आंबतात." ती एक पाऊल आत आली. "परतताना गरम तेलात सगळं मरतं ना हो?"

"सगळं नाही." त्याने वही मिटली. "काही जंतू संकट आलं की अंगावर कवच ओढून घेतात नि निजून राहतात. उकळी, ऊन, कोरड, कशानंही त्यांचं काही बिघडत नाही. मीठ नि आंबटपणा असला की ते निजलेलेच राहतात. मीठ-आंबट कमी पडलं, वर तेलानं हवाही बंद झाली, की जागे होतात नि विष सोडतात. चव बदलत नाही, वासही येईलच असं नाही."

शारदा बरणीपासून मागे सरकली.

"हे असं असू शकतं, एवढंच म्हणतोय. तपासायचं आहे अजून. उंदरांना टोचून पाहतात."

जाता जाता तो दारात थांबला. "ते शेवटचं जेवले, तेव्हा काही म्हणाले होते?"

"ह्यांनी सांगितलं. बोट चाटून म्हणाले, वहिनींना सांगा, ही बरणी मी कुणाला देणार नाही."

विद्याधरने मान फिरवली. मग बरणी छातीशी धरून निघून गेला.

तीन आठवडे गेले. तेवढ्या काळात शारदाचं वजन उतरलं, बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. एका दुपारी विद्याधर आला. मधुसूदन गाडीवर होता.

"बाई, बरणीत काही सापडलं नाही."

"खरंच?"

"खरंच. त्यांचा आजार निराळा असेल. पुढं मात्र लोणच्यात मीठ-लिंबू कधी कमी करू नका. कुणी कितीही सांगितलं तरी."

"बरणी?"

"ती फोडून टाकावी लागली. तसा नियमच असतो."

त्या संध्याकाळी चूल पेटली. शारदाने वरणभात कालवला आणि पहिला घास इंदूच्या तोंडात घातला. पोरगी हसली. शारदा मात्र हुंदके देऊन रडली.

आता एकच राहिलं होतं. श्रीकृष्णच्या आईला तोंड दाखवायचं, आपला दोष नव्हता हे सांगायचं. रविवारी तिने बेसनाचे लाडू वळले आणि मऊरानीपूरची पॅसेंजर धरली.

दार उघडलं ते श्रीकृष्णच्या आईने, पांढऱ्या लुगड्यातल्या म्हाताऱ्या अहिल्याबाईंनी.

"मी झाशीहून आले. रेल्वे कॉलनीतून. भावजींच्या..." शारदाने लाडवांचा डबा पुढे केला.

"श्रीकृष्णच्या ओळखीची का? ये, बैस. एवढ्या उन्हाची आलीस."

अहिल्याबाईंनी पाणी दिलं. लाडू हातात घेतला, कडेने तुकडा मोडून खाल्ला. शारदा मनात वाक्य जुळवत होती. तेवढ्यात म्हातारीच बोलू लागली.

"थोरला गेला. धाकटा आहे झाशीलाच. प्रयोगशाळेत. विद्याधर."

"विद्याधरबाबू... तुमचे?"

"ओळखतेस? भावाच्या डब्याची तपासणी त्यानं मागून घेतली. टोचलेले सगळे उंदीर मेले गं. विष त्या बरणीतच होतं. इथं येऊन माझ्या मांडीवर रडला. म्हणाला, डॉक्टरसाहेबांना सांगितलंय, पण आई, त्या बाईला कोणत्या तोंडानं सांगू? मी म्हटलं, नको सांगूस. मायेनं घातलेलं लोणचं ते. कळलं तर ती आपल्या लेकराला पुन्हा हातानं भरवायची नाही. माझा गेला, तिचा संसार तरी राहू दे."

त्यांनी डोळे पुसले, उरलेला लाडू तोंडात घातला आणि शारदाच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"छान झालाय हो. नाव नाही सांगितलंस बाळ तुझं?"