नोटिशीचा महिना

आई गेल्यानंतर आठवड्याने मी मुलीचे राहिलेले कपडे आणायला पाळणाघरात गेले. काकू पिशवी घेऊन दारातच उभ्या होत्या. आत या म्हणाल्या नाहीत, ते बरंच झालं.

"कपडे मोजून घ्या, नंतर कटकट नको," त्या म्हणाल्या.

"मोजायची सवय तुम्हाला. मूल काढायचं तर महिन्याची नोटीस म्हणजे महिन्याचीच, एक दिवस कमी नाही. नातीला सांभाळायला म्हणून माझी आई राहायला आली होती. महिना कधी संपतोय याची वाट बघत घरात एकटी बसून राहायची. चार दिवस उरले होते, तेव्हा गेली. तुमच्या नियमापायी तिला नातीबरोबर एक दुपार मिळाली नाही."

काकूंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "वाईट झालं, ताई. पण ते माझ्या माथी मारू नका. नोटिशीच्या महिन्याची फी भरायची, एवढाच नियम आहे. मूल पाठवायलाच हवं, असं मी कधी म्हटलं? बाकीचे लोक दुसऱ्या दिवसापासून घरी ठेवतात. तुम्ही तर तिला सर्दी असतानाही आणून सोडत होतात."

मी पिशवी घेतली आणि जिना उतरले.

आल्याच दिवशी आई म्हणाली होती, "मी आलेय ना आता, उद्यापासून राहू दे की तिला माझ्याजवळ." मी लॅपटॉपमधून मान वर न करता म्हटलं होतं, "फी भरलीय आई. फुकट कशाला घालवायची?"