अंड्यांचा एकोणचाळिसावा दिवस

एकोणचाळिसावा दिवस उजाडला तरी एकही अंडं फुटलं नाही. सगळीकडे लिहिलंय, छत्तीस दिवस. फार तर अडतीस! सुरुचीने आधी बोटांवर मोजलं, मग कॅलेंडरवर, मग मोबाइलवर. उत्तर तेच.

सौदीतल्या अल-खोबरच्या त्यांच्या कंपाउंड-वसाहतीत तळं होतं आणि तळ्यात राजहंसांची जोडी. दिसायला अशी की बघतच राहावं, आणि स्वभावाने पक्की गुंड. राजहंस दूध आणि पाणी वेगळं करतो म्हणे. यांच्यातल्या नराने शेजारचे रूपेशकाका आणि त्यांचा चष्मा वेगळा केला! सायकलवरची तीन मुलंही पाडली. पिल्लं झाली तर अजून चवताळतील, म्हणून लोक ओरडायला लागले. ओरडा बाबांच्या कानांवर, कारण कंपाउंडची देखभाल बाबांकडे. मॅनेजरने तर सरळ सांगितलं, "श्यामकांत, आणखी एक मूल पडलं की इथे राहायचा इकामा विसरा आणि भारताचं तिकीट काढा."

सुरुची नववीतली. तिने एक्केचाळीस घरांच्या सह्या आणल्या. पिल्लं बाहेर येईपर्यंत घरट्याला कुणी हात लावायचा नाही! शेवटची सही बाबांनी केली. तिला एकदम वकील झाल्यासारखं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी तळ्याचा पंप बिघडला.

"ते फक्त तुझंच ऐकतात," बाबा म्हणाले. "दुरुस्ती होईपर्यंत तासभर दोघांना पलीकडे ने ना."

तिने लेट्यूसची पानं दाखवत दोघांना पार दुसऱ्या टोकाला नेलं. मादीसुद्धा घरटं सोडून मागे आली, इतका विश्वास!

त्यानंतर शाळेच्या बसआधी रोज तळं. पानं आई धुऊन द्यायची. "दमयंती नाव माझं, हंसाला उपाशी ठेवेन होय?" म्हणायची. आणि विचारायची, "आज कितवा दिवस गं?"

आज शाळेतून आल्यावर मादी पाण्यात उतरलेली दिसली. सुरुचीने एक अंडं टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि घरी धूम ठोकली. आई ड्यूटीला निघतच होती. हॉस्पिटलची बॅग खांद्याला होती.

"आई, स्टेथोस्कोप! ठोके ऐक ना आतले. यल्ला, चल लवकर, गार होईल ते!"

दमयंतीने स्टेथोस्कोप काढून कानांना लावला. अंड्याला मात्र टेकवला नाही. तिने सोफ्यावर बसलेल्या बाबांकडे पाहिलं. बाबांनी मोबाइल उलटा ठेवला आणि ते जमिनीकडे बघत राहिले.

"बोल ना गं! जिवंत आहे ना?"

"ठेव ते खाली, सुरू."

"का पण?"

आईने कानांतला स्टेथोस्कोप काढला.

"पंपाला काहीच झालं नव्हतं. तू त्यांना पलीकडे घेऊन गेलीस, तेवढ्यात बाबांनी पाचही अंडी घरी आणली, आणि मी ती उकडून परत दिली."