संत्र्याच्या पेटीतली कुस्ती

"याच्यात दम नाही," असे म्हणून नत्थुजी वस्तादांनी कवड्या स्टुलावर टाकून दिल्या. "पाच मिनिटांत चीतपट. लोकं पाह्यतील काय अन् वरडतील काय?"

लोक म्हणजे अमरावतीच्या इस्पितळातला हाडांचा वॉर्ड. कोणाचा हात प्लास्टरमध्ये, कोणाचा पाय. उभ्या वऱ्हाडात ज्यांची पाठ कोणी मातीला लावली नव्हती, त्या नत्थुजींना लिंबाच्या झाडाने चीत केले होते. साठीत लिंबे तोडायला शिडीवर चढले आणि मांडीचे हाड मोडून घेतले. शेजारच्या खाटेवर पोस्टातला कारकून देवमन, सायकलवरून पडलेला. वेळ जात नाही म्हणून दोघांनी हा खेळ काढला होता. दोऱ्याची दोन रिकामी रिळे हे पहिलवान. सहा कवड्या टाकायच्या, पडेल तसा डाव. दोन उताण्या पडल्या तर ढाक, चार पडल्या तर धोबीपछाड, सहाही पडल्या की समोरचा चीत.

देवमनला सगळे डाव नावानिशी ठाऊक होते. नत्थुजींना त्याचे भारी कौतुक. "कोन्या तालमीतला तू?" असे त्यांनी तीनदा विचारले आणि देवमनने तिन्ही वेळा हवापाण्याच्या गोष्टी काढल्या. त्याला नत्थुजींकडून एक गोष्ट हवी होती, पण मागायला जीभ रेटत नव्हती. त्याचा धाकटा भाऊ भगवंत अंगापिंडाने दणकट. त्याला अकोल्याच्या कुस्त्यांच्या दंगलीत उतरायचे होते, पण वस्तादावाचून उतरवणार कोण? नत्थुजींच्या तालमीत देवमनच्या वस्तीतल्या कोणाला घेत नसत. बौद्ध होऊन पाच वर्षे झाली, पोस्टात खुर्ची मिळाली, तालमीचे दार काही हलले नाही. आणि नत्थुजी तर उद्या घरी जाणार होते.

"पिंजरा करू," देवमन म्हणाला.

खाटेखाली वरूडहून आलेली संत्र्याची पेटी होती. संत्र्यांचा फडशा वॉर्डाने कधीच पाडला होता. देवमनने नत्थुजींचे रीळ स्टुलाच्या मधोमध ठेवले आणि त्यावर पेटी पालथी घातली. फळ्यांच्या फटींतून रीळ दिसत होते. आपले रीळ त्याने बाहेर ठेवले.

"बाहेरच्याले आत शिराचं हाये. सहा कवड्या उताण्या पडल्या का जिंकला."

"पिंजऱ्यातून लोकं पयून जातेत," नत्थुजी म्हणाले. "आत कोन शिरते बे, मार खायाले?"

सगळे हसले, पण कुबड्या टेकत स्टुलाभोवती गोळाही झाले. देवमनच्या तीन पडल्या. मग चार. पुन्हा तीन. पाच पडल्या तेव्हा वॉर्ड हळहळला आणि त्यात नत्थुजीही होते. त्यांची स्वतःची पाळी आली, धोबीपछाड पडली, पण आत मारायला कोणी नव्हते.

"माहा पयलवान एकटाच हवेले पछाडून रायला," ते कुरकुरले. "जोड नाही त कुस्ती कशाची?"

देवमनने कवड्या खुळखुळवल्या आणि टाकल्या. सहाच्या सहा उताण्या. वॉर्डाने असा गलका केला की नर्सबाई धावत आल्या. देवमनने मात्र आपले रीळ उचलले नाही.

"घाल ना आत," नत्थुजी म्हणाले. "जिंकला तू."

"सहा पडल्या तरी नाही होत, वस्ताद. आतल्यानं फळी काढली तरच."

"हा कोनता कायदा?"

"तुमच्या तालमीचा."

नत्थुजींनी त्याच्याकडे नीट पाहिले. वस्ती कोणती, ते विचारले. देवमनने सांगितले.

"सात वर्सं तुमच्या भिंतीच्या फटीतून पाह्यलं मी," तो म्हणाला. "डाव तिथंच शिकलो. माह्यं वय गेलं. आता माह्या भावाले आत घ्या, येवढंच मागतो."

नत्थुजींना लाज वाटली आणि ती त्यांनी लपवली नाही.

"फटीत डोये दिसले का मी आखाड्याच्या हौदातली मूठभर माती फेको," ते खाली पाहत म्हणाले. "ज्या मातीच्या सकायी पाया पडो, तेच माती. तुह्या बी डोयात गेली असन."

"गेली."

नत्थुजींनी पेटीची एक फळी धरली आणि हिसका दिला. फळी खिळ्यांसकट हातात आली. मग त्यांनी देवमनचे रीळ उचलून आपल्या रिळासमोर ठेवले.

"भगवंतले सोमवारी पाठव," ते म्हणाले. "आंगाले तालमीची माती लावून सुरुवात करू त्याची."

"ते त त्याच्या आंगाले कवाचीच लागली हाये वस्ताद," देवमन म्हणाला. "नवा आखाडा खोदला का त्यात जुन्या तालमीची माती टाकतेत ना? तुमी फेकली का मी येचून घरी नेत होतो. आमच्या वस्तीतला आखाडा तिच्यावरच उभा हाये."