थोरल्याला आधी

"तिखट नको, मीठ बेताचं आणि भात मऊ," शेजारी बसवलेल्या म्हाताऱ्या बापाकडे बघत गॅरेजवाल्याने तिसऱ्यांदा बजावलं. "नऊ दिवस झाले ताई, अप्पा अन्नाला शिवलेले नाहीत. दोन घोट दूध, बास. उद्यापर्यंत खाल्लं नाही तर नाकातून नळी घालणार म्हणालेत डॉक्टर. या वयात काय हे भोग!"

मालकीणबाईंनी ऑर्डरची वही खिशात टाकली. चार टेबलांची ती ब्रह्मदेशी खानावळ. आत नवरा कढईशी, गल्ल्यावर लेक, आणि बाकी सगळीकडे या बाई.

"आजोबा आमच्याकडचे का?"

"जन्म तिकडचा. सात वर्षांचे असताना लढाई पेटली आणि आईबापांबरोबर डोंगरातून चालत निघून आले. महिनाभर चालत होते म्हणे. त्यापुढे कधी अवाक्षर काढलं नाही. आता तर आम्हालाही ओळखत नाहीत. म्हटलं, तिकडच्या जेवणाचा वास आला तर तोंड उघडतील."

"माझ्या हातचं नको झालंय त्यांना," अप्पांच्या पलीकडे बसलेली सून नवऱ्याला म्हणाली.

"तुझ्या हातचं तीस वर्षं पचवलेला माणूस आहे तो. त्याला काय धाड भरलीय?"

एरवी या टोमण्यावर ती फटकन उलटून बोलली असती. आज तिने अप्पांच्या गळ्याशी रुमाल खोचला. तीस वर्षं ज्यांच्यापुढे पहिलं ताट ठेवलं, त्यांनी नऊ दिवस तेच ताट ढकललं, तर लागणारच ना मनाला.

आतल्या खिडकीतून वाडगे आले. वाफाळता भात, माशाचं पातळ कालवण, भिजवलेल्या चहाच्या पानांची कोशिंबीर. गॅरेजवाल्याने चमचा उचलला तशी मालकीणबाईंनी त्याला हातानेच थांबवलं.

"थांबा दादा. आमच्यात थोरल्याला आधी वाढतात. त्यांनी घास घेतल्याशिवाय बाकीच्यांनी हात लावायचा नाही."

"आमच्याकडेही तेच. अप्पांची आई लावून गेली ती शिस्त. अप्पांच्या आधी घरात कुणी जेवलं नाही आजवर."

बाईंनी भाताचा पहिला डाव अप्पांच्या ताटात वाढला, वर कालवण घातलं आणि आपल्या भाषेत त्यांना जेवायला सांगितलं.

अप्पांनी मान वर केली. नऊ दिवस कशावरच न ठरणारे डोळे ताटावर ठरले. मग त्यांनी दोन्ही हातांनी ताट ढकललं, असं जोरात की कालवण टेबलावर सांडलं. आणि ते बोलले. मुलाने जन्मात त्यांच्या तोंडून न ऐकलेल्या भाषेत बोलले, घाईघाईने, घाबरलेल्या पोरासारखे. आतल्या खिडकीतून मालकीणबाईंच्या नवऱ्याने डोकं बाहेर काढलं. गॅरेजवाला मालकीणबाईंकडे वळला.

"काय म्हणाले?"

"मला आधी नको म्हणतात. आधी धाकटीला वाढा."

"कोण धाकटी?"

"बहीण."

"काहीतरीच काय! त्यांना बहीणबिहीण नाही हो, ताई. एकुलते एक ते."

सुनेने पदर तोंडाला लावला. "नऊ दिवस हेच चाललंय. पहिलं ताट पुढे केलं की ढकलतात. आणि मला मेलीला वाटलं, मीठ जास्त पडलं."

मालकीणबाईंनी सांडलेलं कालवण पुसलं. मग अप्पांच्या शेजारची खुर्ची ओढून बसल्या आणि हळूच काहीतरी बोलल्या. अप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं. पन्नाशीची बाई, केस अर्धे पांढरे, पण त्यांना शंका म्हणून आली नाही. त्यांनी घास केला आणि तिच्या तोंडाशी नेला. तिने खाल्ला.

"भरवू दे, भरवू दे," गॅरेजवाला बायकोच्या कानात म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला होता. "तिचं झालं की स्वतः घेतील बघ."

दुसरा घास, तिसरा घास. ताट रिकामं झालं. अप्पांनी ताटावर बोटं आपटली, तशी लेक धावत भात घेऊन आली. तोही धाकटीलाच. मालकीणबाई अर्ध्या तासापूर्वी पोटभर जेवून उठल्या होत्या. गाल भरलेले, डोळ्यांतून पाणी चाललेलं, तरी त्या तोंड उघडत राहिल्या. नवरा हात पुसत बाहेर आला, त्यांच्या भाषेत काही म्हणाला. त्यांनी नुसती मान हलवली.

अप्पा हसत होते. सुनेने त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. पण बोटांना चिकटलेली शितंसुद्धा ते काढून परत ताटात टाकत होते, एकेक.

"ताई, आता पुरे," गॅरेजवाला काकुळतीला आला. "तुम्हीच सांगा त्यांना खायला. तुमचं ऐकतील."

बाईंनी कसाबसा घास गिळला. ताटातला भात कालवला, घास अप्पांच्या ओठांशी धरला आणि दोन शब्द बोलल्या. अप्पांनी ओठ घट्ट मिटले. तिचं मनगट धरून हात हळूच खाली केला, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि काहीतरी बोलले. नवऱ्याने चेहरा फिरवला आणि तो आत निघून गेला.

"काय म्हणाले?"

मालकीणबाई ताटाभोवतीची शितं वेचू लागल्या.

"सांगा ना, ताई. बाप आहे माझा."

"म्हणाले, तू खा. माझं झालंय. डोंगरात मी तुझ्या वाटचंही खाल्लं."